एकच सॉफ्टवेअर चार-चार वेळा उघडलं जातं, कसं आवरावं?

खिडकीवाला

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या अंतर्गत कामासाठी लिहिलेलं एक डेस्कटॉप ॲप्लिकेशन मी सांभाळतो. विंडोज, सी शार्प, विनफॉर्म्स असा साधा मामला. सुरू व्हायला आठ-दहा सेकंद लागतात, कारण ते आधी डेटाबेसला जोडतं, मग सगळे मास्टर (मूळ याद्या) वाचतं आणि त्यानंतर कुठे विंडो दिसते.

लोक काय करतात ते परवा मागे उभं राहून पाहिलं. टास्कबारवरच्या आयकनला एक क्लिक पुरतो, पण डबल क्लिकची सवय हाडीमाशी खिळलेली. दोन क्लिक झाले. काही दिसलं नाही म्हणून डेस्कटॉपवरच्या आयकनवर पुन्हा डबल क्लिक. थोड्या वेळाने एकावर एक विंडो उगवल्या. त्यांनी वरची वापरायला घेतली, मध्येच खालची पुढे आली, अर्धी नोंद एकीत आणि अर्धी दुसरीत. संध्याकाळी सगळ्या बंद करताना जी शेवटी बंद झाली तिने सेटिंगची फाइल आपल्या जुन्या माहितीने पुन्हा लिहिली. सकाळी तक्रार माझ्याकडे: "तुमचं सॉफ्टवेअर सेटिंग विसरतं."

सुरुवातीलाच प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रामची) यादी काढायची, आपल्या नावाची प्रोसेस दिसली की "प्रोग्राम आधीच चालू आहे" असा मेसेज देऊन बाहेर पडायचं, एवढं पुरेल का?

दुसरा प्रश्न. असंच वागणारं एक बाहेरून घेतलेलं सॉफ्टवेअरही आहे. त्याचा सोर्स हातात नाही. त्याला काय करता येईल?

---

जुनाजाणता

प्रोसेसच्या नावावर जाऊ नका. कोणी फाइलचं नाव बदललं की तपासणी गेली. एकाच मशीनवर दोन जण लॉगिन असतील तर दुसऱ्याची प्रोसेसही यादीत दिसते आणि तुमचा प्रोग्राम विनाकारण अडतो. सगळ्यात वाईट म्हणजे दोन प्रती एकदमच सुरू झाल्या तर दोघी एकमेकींना बघतात आणि दोघीही बाहेर पडतात. तुमच्या डबल क्लिकवाल्यांच्या बाबतीत नेमकं हेच होणार.

नाव दिलेला म्यूटेक्स वापरा, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं विंडोजचं कुलूप. क्रिएटम्यूटेक्स बोलावलं की तो बनतो, आणि त्या नावाचा आधीपासून असेल तर त्याचंच हँडल (त्याच्यापर्यंत पोचायचा क्रमांक) मिळतं व गेटलास्टएरर १८३ सांगतं, म्हणजे 'आधीच अस्तित्वात आहे'. डॉटनेटमध्ये हीच गोष्ट 'क्रिएटेडन्यू' या बूलियनमधून कळते. हे काम कर्नल (विंडोजचा गाभा) करतो, त्यामुळे दोन प्रती कितीही एकदम धावल्या तरी नवा म्यूटेक्स एकीलाच मिळतो. प्रोग्राम क्रॅश झाला तर विंडोज त्याची सगळी हँडल बंद करतं आणि शेवटचं हँडल गेलं की म्यूटेक्सही जातो. मागे कचरा उरत नाही.

नावात एखादा जीयूआयडी (दुसरीकडे कुठे न सापडणारा लांबलचक क्रमांक) घाला. नुसतं 'माय-ॲप' ठेवलंत तर तेच नाव दुसऱ्या कोणीतरी ठेवलेलं असेल आणि मग दोन अनोळखी प्रोग्राम एकमेकांना चालू देणार नाहीत.

अवांतर: १६ बिटच्या विंडोजमध्ये विनमेनला (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला) दुसरा पॅरामीटर म्हणून आधीच्या प्रतीचं हँडलच मिळायचं. तेवढं बघितलं की झालं. ३२ बिट आल्यापासून तो पॅरामीटर कायम शून्य असतो, पण फंक्शनच्या पॅरामीटरच्या यादीत अजून ठाण मांडून आहे.

---

टकटक

म्यूटेक्सबद्दल सहमत. पण तो "आधीच चालू आहे"वाला मेसेज कृपा करून टाकू नका. माणसाने दुसऱ्यांदा क्लिक केलं कारण पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. लिफ्टचं बटण लोक पुन्हा पुन्हा दाबतात ते काही चार लिफ्ट हव्यात म्हणून नाही. त्यावर ओके दाबायला लावणारा डबा दाखवून आपण काय साधतो?

आधी पहिल्या क्लिकला उत्तर द्या. बाणाशेजारी फिरणारं चक्र दिसतं ना, त्याचा हिशोब मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलाय. प्रोसेस सुरू झाल्यावर ते २ सेकंद राहतं. तेवढ्यात प्रोग्रामने पहिला जीयूआय कॉल (विंडोंशी संबंधित मागणं) केला तर आणखी ५ सेकंद मिळतात, आणि त्या पाचात विंडो दाखवली तर ती रंगवायला अजून ५. तुमचा प्रोग्राम विंडोचं नावही न काढता डेटाबेसशी बोलत बसतो, म्हणजे चक्र दोन सेकंदांत गायब. स्क्रीन शांत, माणूस पुन्हा क्लिक करणार. त्याचं काय चुकलं?

तेव्हा क्रम असा लावा: पहिल्या ओळीत म्यूटेक्स, लगेच छोटी स्प्लॅश ("सुरू होत आहे" सांगणारी) विंडो, आणि डेटाबेस, मास्टर वगैरे सगळं मागच्या थ्रेडवर (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यावर). नुसत्या स्प्लॅशनेच बहुतेक जास्तीचे क्लिक थांबतील. उरलेल्यांसाठी म्यूटेक्स आहेच.

---

हिशेबी

मी प्रोग्रामर नाही, वापरणारी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. दोन फाइल शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघायच्या असतात आणि सॉफ्टवेअर दुसरी विंडो उघडूच देत नाही. चिडचिड होते अगदी. तुम्ही लोक सरसकट "एकच" करून टाकता, आणि आम्ही मग एक फाइल प्रिंट काढून हातात धरतो.

---

जुनाजाणता

@हिशेबी, मुद्दा रास्त आहे. कुलूप प्रोग्रामला लावायचं की डेटाला, हे आधी ठरवायला हवं. एकाच फाइलवर दोन हात पडू नयेत, ही खरी अट. दोन वेगळ्या फाइल दोन विंडोंत उघडल्या तर कोणाचं काय बिघडतं?

फायरफॉक्स बघा. त्याचं कुलूप प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतं. वेगळं प्रोफाइल दिलं की दुसरा फायरफॉक्स खुशाल चालतो. लिबरऑफिस फाइलशेजारीच '.~lock' अशा नावाने सुरू होणारी छोटी फाइल ठेवतं, वर्ड '~$'ने सुरू होणारी. अशी कुलपं डेटापुरती असतात. आणि बाहेरून दोन विंडो दिसल्या तरी आत प्रोसेस एकच ठेवता येते: नव्या प्रतीने फाइलचं नाव जुनीला कळवायचं आणि जुनीने स्वतःचीच दुसरी विंडो उघडायची. बहुतेक ब्राउझर आणि एडिटर हेच करतात.

खिडकीवाले, तुमच्याकडे डेटा एकच, डेटाबेसही एकच, त्यामुळे अख्ख्या प्रोग्रामला एक कुलूप चालेल. सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

(आणि त्या '.~lock'मधली अक्षरं इंग्रजी लिहिल्याबद्दल माफी, फाइलनेम आहे, इलाज नाही.)

---

पेंगुळलेला पेंग्विन

लिनक्सवाल्यांची हजेरी लावून जातो.

आमच्याकडे हे काम डी-बसवर (प्रोग्रामनी एकमेकांना निरोप द्यायची सोय) चालतं. जीटीके (विंडो बनवायची लायब्ररी) वापरतं त्या जीॲप्लिकेशनला ॲप आयडी दिला की पहिली प्रत सेशन बसवर त्या नावाचा ताबा घेते. दुसरी सुरू झाली की तिला नाव गेलेलं दिसतं, ती आपलं मागणं ('ॲक्टिव्हेट' किंवा 'ओपन') पहिलीकडे पोचवते आणि निघून जाते. वेगळं काही लिहावं लागत नाही, उलट एकाहून जास्त प्रती हव्या असतील तर 'नॉन युनिक' फ्लॅग मुद्दाम द्यावा लागतो. केडीई डेस्कटॉपवर केडीबससर्व्हिस हेच करते.

टकटक म्हणतात त्या चक्रासाठी डेस्कटॉप फाइलमध्ये 'स्टार्टअप-नोटिफाय' ही की आहे. आणि 'सिंगल-मेन-विंडो' लिहिलं तर "नवीन विंडो" हा पर्याय मेनूत दाखवू नये, एवढं डेस्कटॉपला कळतं.

पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेली) मात्र टाळा. प्रोग्राम मेला, फाइल राहिली आणि तोच पीआयडी उद्या भलत्याच प्रोसेसला मिळाला, की तुमचा प्रोग्राम सुरूच होत नाही. फाइल ठेवायचीच तर तिच्यावर एफलॉक (फाइलचं कुलूप) लावा. प्रोसेस गेली की कुलूपही सुटतं. एक खोच लक्षात असू द्या: तुम्ही मध्येच एखादा चाइल्ड प्रोग्राम चालवला आणि डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचं हँडल) 'क्लोज ऑन एक्झेक', म्हणजे दुसरा प्रोग्राम चालवताना आपोआप बंद होणारा, नसेल, तर कुलूप त्या चाइल्डकडेही जातं. मुख्य प्रोग्राम बंद केला तरी मागे एक पीडीएफ व्ह्यूअर कुलूप धरून बसलेला असतो आणि आपण तासभर डोकं खाजवतो.

क्यूटी (हीही विंडोंची लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी: क्यूशेअर्डमेमरीचे जुने नुस्खे नेटवर सापडतील, पण युनिक्सवर क्रॅशनंतर ती मेमरी तशीच राहते. क्यूलॉकफाइल बरी.

---

खिडकीवाला

भरभरून उत्तरं आली, आभारी आहे. क्रम बदलला, स्प्लॅश टाकली, म्यूटेक्सही घातला. जुनी विंडो पुढे आणायचं मात्र जमत नाहीये. दुसऱ्या प्रतीतून फाइंडविंडोने जुनी शोधतो, तिला मेसेज पाठवतो, ती सेटफोरग्राउंडविंडो बोलावते, आणि टास्कबारवर नुसती नारिंगी लुकलुक होते. विंडो मागेच.

आणखी एक विचित्र प्रकार. माझ्या मशीनवर डीबगमध्ये (चुका शोधायच्या बिल्डमध्ये) म्यूटेक्स चोख चालतो. रिलीज बिल्ड दिला की कधीकधी थोड्या वेळाने दुसरी प्रत बिनदिक्कत उघडते!

---

टकटक

दुसऱ्याचं आधी. म्यूटेक्स मेनमध्ये लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलाय ना? रिलीजमध्ये जिट (चालवतानाच कोड भाषांतरित करणारा डॉटनेटचा कंपायलर) बघतो की पुढे हे व्हेरिएबल कोणी वापरत नाही, मग गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा) ते उचलतो, फायनलायझर हँडल बंद करतो आणि म्यूटेक्स हवेत. डीबगमध्ये व्हेरिएबलचं आयुष्य फंक्शन संपेपर्यंत ताणलेलं असतं म्हणून दिसत नाही. स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा, किंवा ॲप्लिकेशन-रनच्या ओळीभोवती यूझिंग ब्लॉक घाला.

आता पुढे आणण्याचं. मागे असलेल्या कोणत्याही प्रोग्रामने उठून तुमच्या टायपिंगवर उडी मारू नये, म्हणून विंडोजने हा हक्क आवळून धरलाय. जुनी प्रत मागे आहे, तिला हक्क नाही, म्हणून लुकलुक. पण नवी प्रत आत्ताच माणसाने क्लिक करून उघडलीय, तिच्याकडे हक्क आहे. तिने जायच्या आधी तो जुनीला द्यायचा: अलाउ-सेटफोरग्राउंडविंडो हे फंक्शन जुन्या प्रतीच्या प्रोसेस आयडीसह बोलवा, मग मेसेज पाठवा, मग बाहेर पडा. क्रम महत्त्वाचा आहे. मेसेज आधी गेला तर हक्क पोचेपर्यंत जुनीचा प्रयत्न फसलेला असतो.

जुनीच्या बाजूला दोन गोष्टी बघा. मिनिमाइझ असेल तर आधी रिस्टोअर करा. आणि तिच्यात एखादा डायलॉग उघडा असेल तर मुख्य विंडोऐवजी गेटलास्टॲक्टिव्हपॉपअप देईल ती विंडो पुढे आणा. नाहीतर क्लिक न घेणारी मुख्य विंडो समोर येते आणि लोकांना वाटतं प्रोग्राम अडकला.

---

जुनाजाणता

फाइंडविंडोही काढून टाका. टायटलमध्ये तुम्ही उद्या फाइलचं नाव दाखवाल आणि शोध फसेल. शिवाय पहिली प्रत अजून स्प्लॅशवर असेल तर मुख्य विंडो सापडणारच नाही.

नेम्ड पाइप (दोन प्रोसेसमध्ये निरोप नेणारी, नाव दिलेली नळी) ठेवा. म्यूटेक्स मिळाला की ताबडतोब पाइप उघडायचा, डेटाबेसच्या कितीतरी आधी. म्यूटेक्स आणि पाइप यांच्यामध्ये क्षणभराचं अंतर राहतंच, म्हणून दुसऱ्या प्रतीने पाइप नाही मिळाला तर लगेच हार न मानता दोन-तीन सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. पाइप जोडला गेला की गेट-नेम्डपाइप-सर्व्हर-प्रोसेसआयडी तुम्हाला जुनीचा आयडी देतं, तोच टकटक यांनी सांगितलेल्या फंक्शनला द्या.

फाइल उघडणारं ॲप असेल तर आणखी दोन सूचना. एक्स्प्लोररमध्ये सात फाइल निवडून एंटर मारलं की साध्या नोंदणीत तो सात प्रोसेस सुरू करतो, एकदम. सातही जणी म्यूटेक्सवर धडकतात. एक जिंकते, सहा आपापल्या फाइलचा पाथ (पत्ता) पाइपमधून देऊन जातात. तुमचा पाइप एका वेळी एकच जोडणी घेऊन बंद होत असेल तर पाच फाइल हरवतील. दुसरी: पाथ पाठवण्याआधी पूर्ण करून घ्या. कमांड लाइनवरून आलेला अर्धा पाथ नव्या प्रतीच्या चालू फोल्डरच्या संदर्भात असतो, जुनीचं फोल्डर वेगळंच.

एवढं सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर व्हीबी डॉटनेटमध्ये "सिंगल इन्स्टन्स ॲप्लिकेशन" नावाचा चेकबॉक्स आहे. त्यामागचा विंडोजफॉर्म्स-ॲप्लिकेशनबेस हा क्लास सी शार्पमधूनही वापरता येतो. दुसरी प्रत आली की त्यात स्टार्टअप-नेक्स्टइन्स्टन्स हा इव्हेंट येतो, कमांड लाइनसकट. नाव व्हीबीचं आहे म्हणून नाक मुरडू नका.

इलेक्ट्रॉनवाल्यांना (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप लिहिणाऱ्यांना) रिक्वेस्ट-सिंगलइन्स्टन्सलॉक आहे, एका ओळीत काम.

---

रिकामटेकडी

मॅकवर हा प्रश्न जवळपास नाहीच. फाइंडर किंवा डॉकमधून चालू ॲपवर क्लिक केलं की तेच ॲप पुढे येतं. दुसरी प्रत हवीच असेल तर टर्मिनलमध्ये ओपन कमांडला 'एन' पर्याय द्यावा लागतो. तोही रस्ता बंद करायचा तर इन्फो पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) एलएस-मल्टिपल-इन्स्टन्सेस-प्रोहिबिटेड ही की आहे.

बाकी हार्डवेअरकडेही एकदा बघा. माउसच्या बटणाखालचा स्विच झिजला की एका क्लिकचे दोन होतात. आमच्याकडे अशीच एक "सॉफ्टवेअरची तक्रार" नवा माउस लावताच गेली. ज्यांचा हात थरथरतो आणि एंटर लांबतो त्यांच्यासाठी विंडोजमध्ये फिल्टर कीज आहेत.

आणि कित्येकदा माणसाला ॲप चालू असल्याचं दिसतच नाही. बंद करायला फुली दाबली, ते घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये जाऊन बसलं. किंवा विंडो काल जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर होती आणि आज तो मॉनिटरच नाही. अशा वेळी "पुढे आणली" असं कोडला वाटेल, पण स्क्रीनवर काहीच येणार नाही. रिस्टोअर करताना विंडोची जागा सध्याच्या एखाद्या स्क्रीनमध्ये बसते का तेही तपासा.

---

लिपिक

सोर्स नसलेल्या सॉफ्टवेअरचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. ऑटोहॉटकी या विंडोजवर स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची छोटी स्क्रिप्ट करा आणि सगळे शॉर्टकट तिच्याकडे वळवा. स्क्रिप्ट आधी विंडो आहे का बघते. असेल तर विन-ॲक्टिव्हेट, नसेल तर रन करून विन-वेटने विंडो येईपर्यंत थांबते.

गंमत त्या थांबण्यात आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सिंगलइन्स्टन्स इग्नोर' लिहा. हा आदेश स्क्रिप्टपुरताच असतो, त्या सॉफ्टवेअरला तो अडवत नाही. पण स्क्रिप्ट विंडोची वाट बघत असताना कोणी पुन्हा क्लिक केलं तर स्क्रिप्टचीच दुसरी प्रत सुरू होत नाही, आणि अधीर क्लिक परस्पर जिरतात. विन-वेटला वेळेची मर्यादा मात्र द्या, नाहीतर सॉफ्टवेअर सुरूच झालं नाही तर स्क्रिप्ट तशीच लटकून राहील आणि नंतरचे खरे क्लिकही गिळेल.

विंडो टायटलपेक्षा एक्झी फाइलच्या नावाने शोधलेलं बरं. आणि कोणी मूळ एक्झीवरच थेट क्लिक केलं तर हा उपाय चालत नाही, तेव्हा जुने शॉर्टकट आणि टास्कबारचे पिन आठवणीने काढा. लिनक्सवर रॅपर स्क्रिप्टमध्ये 'एफलॉक'ला 'एन' पर्याय दिला की पहिली प्रत चालू असेपर्यंत दुसरी सुरूच होत नाही.

---

खिडकीवाला

म्यूटेक्स स्टॅटिक केला, पाइप टाकला, विंडो पुढे येते आहे! लिपिक यांची स्क्रिप्टही लावली.

आता राहिलेलं. एकदा पहिली प्रत अडकली होती, "नॉट रिस्पॉन्डिंग". दुसरी आली, म्यूटेक्स पाहून मुकाट्याने गेली. बाईंनी किती वेळा क्लिक केलं कोण जाणे, स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही. शेवटी मशीन रीस्टार्ट. याआधी निदान दुसरी प्रत तरी उघडायची!

शिवाय काही जण रिमोट डेस्कटॉपवरून एकाच सर्व्हरवर काम करतात. त्यांचा म्यूटेक्स एकमेकांना अडवेल का?

---

जुनाजाणता

रिमोटचं सोपं आहे. नावाला काही उपसर्ग नसेल किंवा 'लोकल\' असेल तर म्यूटेक्स त्या सेशनपुरता (एका लॉगिनपुरता). 'ग्लोबल\' लावलंत तर अख्ख्या सर्व्हरवर एकच माणूस काम करू शकेल, बाकीचे फोन करतील. तुम्हाला लोकल हवाय. तोच माणूस दोन सेशन उघडत असेल तर एका युझरला एकच सेशन देण्याची पॉलिसी सर्व्हरवर असते, ती लावायला ॲडमिनना सांगा.

सर्व्हर वेगळे असतील तर मात्र म्यूटेक्सचा काही उपयोग नाही, त्याची हद्द मशीनपुरतीच. तिथे कुलूप डेटाबेसमध्येच हवं.

---

टकटक

अडकलेल्या प्रतीसाठी: पाइप ऐकणारा थ्रेड वेगळा असतो, त्यामुळे विंडो गोठलेली असली तरी पाइप "हो, पोचलं" म्हणेल. त्या पोचपावतीवर विसंबू नका. पावती यूआय (विंडो सांभाळणाऱ्या) थ्रेडने विंडो पुढे आणल्यावरच पाठवायची. दुसऱ्या प्रतीने तिची पाच-सात सेकंद वाट बघायची (विंडोजही साधारण ५ सेकंद गप्प राहिलेल्या विंडोला अडकलेली मानतं) आणि नाही आली तर तेव्हा मेसेज दाखवायचा: "आधीचा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. तो बंद करून नवीन सुरू करू का?" हो म्हटलं तर त्या आयडीची प्रोसेस मारायची, ती गेल्याची खात्री करायची आणि मग म्यूटेक्स नव्याने घ्यायचा. न जतन केलेली नोंद जाईल हेही त्याच मेसेजमध्ये लिहा, आणि डीफॉल्ट बटण "नाही" ठेवा. घाईत एंटर मारणारे तेच लोक आहेत.

विंडो बंद झाल्यावरही प्रोसेस रेंगाळत असेल तर एखादा थ्रेड 'इज-बॅकग्राउंड' न करता सोडलेला असणार, तो शोधा.

---

लिपिक

एक भर. कोणी ॲप "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडलं असेल तर साध्या प्रतीला तो म्यूटेक्स उघडताना एरर ५ येऊ शकतो, म्हणजे ॲक्सेस डिनाइड. डॉटनेटमध्ये अनऑथोराइज्ड-ॲक्सेस-एक्सेप्शन. ते न पकडल्यास प्रोग्राम सुरू होतानाच आपटतो. पकडा आणि "आधीची प्रत आहे" असंच समजा.

इन्स्टॉलर इनो सेटअप या साधनाने बनवलेला असेल तर त्यात ॲपम्यूटेक्स नावाची ओळ आहे. तुमच्या म्यूटेक्सचं नाव तिथे दिलंत की ॲप चालू असताना अपडेट टाकायला गेल्यावर तो आधी ॲप बंद करायला सांगतो.

---

खिडकीवाला

इनो सेटअपच आहे. पण त्या ओळीत नाव देताना 'लोकल\' लिहायचं की नाही? आणि रिमोटवाले दुसऱ्या सेशनमध्ये असतील तर इन्स्टॉलरला त्यांचा म्यूटेक्स दिसेल का?

---

लिपिक

नाही दिसणार, इन्स्टॉलर फक्त त्याच्याच सेशनमधला लोकल बघतो. म्हणून दोन म्यूटेक्स बनवा: एक लोकल, प्रती अडवायला, आणि दुसरा 'ग्लोबल\'वाला, नुसता अस्तित्व दाखवायला. त्याच्या 'क्रिएटेडन्यू'कडे ॲपने बघायचंच नाही. ग्लोबलला परवानगी देताना सगळ्या युझरना तो उघडता येईल असं बघा, नाहीतर दुसऱ्या माणसाला तोच एरर ५ भेटेल. इनोच्या ओळीत दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिहिता येतात.